मिशनांनी मुलूख वाटून घेतला, वस्तीला कोणी विचारले?

ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला सूर मनुवाद्यांचा. परदेशातून पैसा आला, भोळ्या लोकांना आमिष दाखवले आणि बाटवले, असे ते म्हणतात. दुसरा सूर कृतज्ञतेचा. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, ज्यांची सावली चालत नव्हती त्यांना जवळ बसवले. पहिला सूर खोटा तर आहेच, पण अपमानकारकही आहे, कारण महार-मांगांना स्वतःची अक्कल नव्हती असे तो गृहीत धरतो. दुसरा सूर खरा आहे, पण अपुरा आहे.

दोन्ही सूर एक गोष्ट विसरतात. 'मिशन' नावाची एकच एक संस्था कधी नव्हती. बोस्टनची वेगळी, लंडनची वेगळी, एडिंबरोची वेगळी. त्यांचे आपसात तंटे होते, करार होते, वाटण्या होत्या, आणि पुढे एकीही झाली. ती एकी कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्यात अस्पृश्य माणसाचे स्थान काय होते, हा इतिहास आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे. आज आपल्या चळवळीचे जे तुकडे झाले आहेत, त्यांच्याकडे पाहण्याची एक नवी नजर त्यातून मिळते, असे आम्हाला वाटते.

बीडच्या चहूबाजूंना

बीड जिल्हा मोगलाईत होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचा अंमल होता. इंग्रजी मुलखात मिशनला जी मोकळीक होती ती येथे नव्हती. जमीन घ्यायची, शाळा बांधायची तर दरबाराची मर्जी लागे. त्यामुळे मिशनची मोठी ठाणी बीडच्या भोवती उभी राहिली.

पश्चिमेला नगर. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेची ही शाखा. या बोर्डाचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. उत्तरेला जालना. तेथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात आले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्यासाठी निजाम सरकारकडून जमीन मिळाली. वायव्येला औरंगाबाद. तेथे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून आलेले मिशनरी काम करत होते. दक्षिणेला सोलापूर, पुन्हा अमेरिकन बोर्ड. आग्नेयेला बिदरच्या बाजूला अमेरिकन मेथडिस्ट.

म्हणजे आष्टी-पाटोद्याच्या महारवाड्याला नगर जवळ, गेवराईला औरंगाबाद आणि जालना जवळ, अंबाजोगाईच्या पलीकडे बिदरची वाट. कोणत्या वस्तीला कोणत्या पंथाचा मास्तर भेटणार हे ख्रिस्ती धर्मशास्त्रावर ठरत नव्हते. कोणते ठाणे किती कोसांवर आहे यावर ते ठरत होते.

चर्च वेगळे, सोसायटी वेगळी

येथे एक फरक नीट समजून घेऊ. चर्च म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची मंडळी, तिचे पाळक आणि तिचा कारभार. मिशनरी सोसायटी म्हणजे वर्गणी गोळा करून परदेशात माणसे पाठवणारी संस्था. ती चर्चमधल्याच लोकांनी काढलेली असे, पण प्रत्येक वेळी चर्चच्या ताब्यात असेच असे नाही. अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये असाच उभा राहिला. चर्च मिशनरी सोसायटीही अँग्लिकन लोकांची स्वतंत्र संस्था होती.

या दोहोंतला ताण स्कॉटिश मिशनच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. मुंबई इलाख्यात १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक काम करत होते. १८३५ मध्ये हे काम चर्च ऑफ स्कॉटलंडने आपल्याकडे घेतले. आठच वर्षांनी, १८४३ मध्ये, स्कॉटलंडात चर्च फुटले. भांडण तिकडचे होते. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पण फूट इकडेही आली. मुंबईचे जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी नव्या फ्री चर्चकडे गेले, आणि शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली. ज्या स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत जोतीराव फुले त्या काळात शिकत होते, त्याच मिशनची ही गोष्ट आहे. एडिंबरोच्या सभेतल्या फुटीने मुंबई-पुण्यातल्या शाळांचे मालक बदलले. त्या शाळेत शिकणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

अमेरिकन बोर्डाची पद्धत वेगळी होती. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे म्हणणे असे की मिशन तात्पुरते, मंडळी कायमची. देशी मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःच प्रसार करावा. मिशनऱ्याने मग पुढच्या मुलखात जावे. इंग्लंडमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेच सांगत होते. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या देशी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळ्यांचा मिळून एक संघ झाला, त्याला 'ऐक्य' म्हणत.

कागदावर हे तत्त्व अतिशय उत्तम आहे. प्रत्यक्षात काय झाले? पहिले पाळक ब्राह्मण समाजातून आलेले. मंडळीतली माणसे मात्र बहुतांश महार, काही मांग. आणि पैशाचा निर्णय 'मिशन' नावाच्या बैठकीत. त्या बैठकीत बराच काळ मत होते ते गोऱ्या मिशनऱ्यांना. ज्याच्या घरात दोन वेळची भाकर नाही, त्याने पाळकाचा पगार कोठून द्यायचा? खर्च स्वतः उचला, मग कारभार तुमचा, हा नियम बोस्टनच्या शेतकऱ्याला ठीक होता. येसकराच्या पाळीवर जगणाऱ्या महाराला त्याचा अर्थ एवढाच होता की कारभार कधीच तुमचा नाही.

मुलुखाची वाटणी

एकाच जिल्ह्यात दोन मिशने आली तर भांडण होते, हे सर्वांनाच कळत होते. म्हणून प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसात एक रीत पाडली. एका मिशनच्या मुलखात दुसऱ्याने ठाणे घालायचे नाही, एकाने काढून टाकलेला मास्तर दुसऱ्याने कामावर घ्यायचा नाही, एकाच्या शिस्तीतून निघालेल्या माणसाला दुसऱ्याने लगेच आपल्या मंडळीत घ्यायचे नाही. दर दहा वर्षांनी देशभरातल्या मिशनऱ्यांच्या परिषदा भरत: १८७२-७३ अलाहाबाद, १८८२-८३ कलकत्ता, १८९२-९३ मुंबई, १९०२ मद्रास. या परिषदांत अशा वाटणीची चर्चा होई. ज्यांना स्वतःचा पंथच खरे चर्च वाटत होता असे अँग्लिकन गट आणि रोमन कॅथलिक मिशने ही वाटणी मानत नसत.

नगर जिल्ह्यातच ती मोडली. १८७० च्या दशकात अँग्लिकनांची एसपीजी ही सोसायटी तेथे उतरली. अमेरिकन मिशनचा तक्रारीचा सूर होता. पण लोक गेले. एका महारवाड्यात काही घरे अमेरिकन मिशनची, काही घरे एसपीजीची, असे चित्र झाले.

मिशनऱ्यांच्या नजरेने पाहिले तर ही बेशिस्त. वस्तीच्या नजरेने पाहा. दुष्काळ पडला आहे, गावात शाळा नाही, पाटील-कुलकर्ण्याचा जाच आहे. एक मिशन मास्तर देत नाही, दुसरे देते. मग माणूस दुसरीकडे जाईल की नाही? याला फसवणूक म्हणायचे कारण नाही. ज्याच्या हातात काहीच नव्हते, त्याच्या हातात निवड करण्याची ही पहिली संधी आली होती. मुलुखाची वाटणी ही मिशनांमधली शांतता होती हे खरे, पण तिने ही निवडही काढून घेतली. गावाच्या पाटलाने जशी वतनी कामे वाटून दिली होती, तशी आता वस्ती कोणाकडे हे दूरच्या खोलीत ठरू लागले.

जे एकत्र उभे राहिले

हे सांगताना जे चांगले झाले ते लपवण्याचे कारण नाही. एकट्या मिशनला न झेपणारी कामे अनेकांनी मिळून केली. पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर आणि छपाई यात बायबल सोसायटी आणि वेगवेगळ्या मिशनचे लोक एकत्र आले. पुस्तिका छापायला मुंबईत ट्रॅक्ट सोसायटी होती. पुढे धर्मशिक्षणाच्या संस्था आणि दवाखाने अनेक मिशनांनी मिळून चालवले. दक्षिणेतले वेल्लोरचे मेडिकल कॉलेज हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण.

आणि 'ज्ञानोदय' विसरून कसे चालेल? १८४२ मध्ये नगरहून सुरू झालेल्या या मिशनच्या पत्रातच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. तिने विचारलेला प्रश्न, आम्हाला धर्म कोणता, आजही आपल्या अंगावर येतो. नगरच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले, हेही आपल्या इतिहासाचाच भाग आहे.

पण पाहा, फुल्यांनी काय केले. मिशनऱ्यांकडून शिकवण्याची रीत घेतली, छापखान्याची वाट घेतली, मिशनऱ्यांशी मैत्री ठेवली. संघटना मात्र स्वतःची काढली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याचा निर्णय बोस्टनला होत नव्हता आणि एडिंबरोलाही होत नव्हता. मदत घ्यायची, पण निर्णय आपल्या हातात ठेवायचा, हा फुल्यांनी घालून दिलेला धडा आहे.

एडिंबरो, १९१०

जून १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. चर्चच्या जागतिक एकीचा आरंभ म्हणून तिचे नाव घेतले जाते. सुमारे १२०० प्रतिनिधी आले. त्यांत आशियातले वीसाच्या आसपास. प्रतिनिधी चर्चचे नव्हते, सोसायट्यांचे होते. कोणत्या सोसायटीला किती जागा, हे तिच्या परदेशी कामावरच्या खर्चावरून ठरले होते. जितका पैसा तितकी मते! ज्यांच्यासाठी हे सर्व चालले होते, त्या मंडळ्यांना स्वतःची जागाच नव्हती.

त्या सभेत व्ही. एस. अझरिया हे तमिळ गृहस्थ उभे राहिले आणि मिशनरी आमच्यासाठी त्याग करतात पण आम्हाला मित्र मानत नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितले. हेच अझरिया १९१२ मध्ये दोरनाकलचे बिशप झाले. दोरनाकल निजामाच्याच राज्यात, तेलंगणात. तेथे माला-मादिगा समाजाचे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. एडिंबरोला जाण्याआधीच, १९०५ मध्ये, अझरियांनी सहकाऱ्यांसह नॅशनल मिशनरी सोसायटी काढली होती. माणसे देशी, पैसा देशी, कारभार देशी.

नगरला नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट धरली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. पगार घेणारा उपदेशक मोकळेपणाने बोलू शकत नाही, हे त्यांना उमगले होते. पण टिळकांना नोकरी सोडणे शक्य झाले. खेड्यातल्या महार-मांग मास्तराला ते शक्य नव्हते. मिशनचा पगार गेला तर तो पुन्हा वतनाच्या जोखडात जाणार. सहकार्याच्या इतिहासात हा फरक कोणी मांडत नाही, म्हणून आम्ही तो मांडतो.

एडिंबरोनंतर देशात राष्ट्रीय मिशनरी कौन्सिल झाले आणि १९२३ मध्ये त्याचे नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल झाले. नाव बदलले त्यात अर्थ होता: आता केवळ मिशन नव्हे, मंडळ्याही. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले.

बाबासाहेबांनी केलेली तपासणी

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली आणि सर्व धर्मांचे लोक बाबासाहेबांच्या दारी आले. त्यांत ख्रिस्तीही होते. बाबासाहेबांनी कोणाला हाकलले नाही, पण प्रत्येकाची कसून तपासणी केली. ख्रिस्ती धर्मप्रसारावर त्यांनी केलेले लिखाण त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. इतके मिशनरी, इतका पैसा, इतकी वर्षे, तरी या देशात ख्रिस्ती इतके थोडे का, असा प्रश्न ते विचारतात. त्यांनी तीन कारणे दिली. सुरुवातीच्या युरोपियनांचे वाईट वर्तन, कॅथलिक आणि बिगर-कॅथलिक मिशनांमधली वर्चस्वाची लढाई, आणि आधी ब्राह्मणांना जिंकू म्हणजे बाकीचे आपोआप येतील हे चुकीचे धोरण.

दुसरे कारण नीट वाचा. मिशनांमधली भांडणे हा धर्मशास्त्राचा प्रश्न म्हणून त्यांनी पाहिला नाही. त्या भांडणाची किंमत अस्पृश्यांनी मोजली. तिसरे कारणही तितकेच महत्त्वाचे. पुणे-मुंबईत एका ब्राह्मणाच्या बाप्तिस्म्यावर जितकी शाई खर्च झाली, तितकी शंभर महारांच्या बाप्तिस्म्यावर झाली नाही.

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी मनातले सांगितले. दक्षिणेत चर्चमध्येही जात पाळली जाते, आणि शिकलेला ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाही. येशूविषयी त्यांच्या मनात आदर होता. प्रश्न संघटनेचा होता. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, कन्नडजवळ मक्रणपूरला निजाम राज्यातल्या अस्पृश्यांची परिषद झाली. मोगलाईतला माणूस कोणाच्या मुलखात मोडतो म्हणून तेथे आला नव्हता. तो स्वतःच्या पायांनी आला होता.

नागपूरच्या दोन तारखा

चर्चची एकी शेवटी कोठे झाली? नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या आणि एसपीजीच्या मंडळ्या, ज्यांच्यात शंभर वर्षे रेघ होती, त्या एका चर्चमध्ये आल्या. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. म्हणजे ४१ वर्षे. बिशपचा अधिकार कसा मानायचा, बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, यावर समित्या बसल्या, उठल्या. अमेरिकन मेथडिस्ट तर अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी एका दिवसात धम्म स्वीकारला. मागे बोर्ड नव्हते, मुलुखाची वाटणी नव्हती, दीक्षा घेणाऱ्यांचा हिशेब कोणत्या परदेशी कार्यालयात जाणार नव्हता. वस्त्यांनी स्वतःच्या भाकऱ्या बांधून घेतल्या आणि पांढरी वस्त्रे नेसून त्या निघाल्या. मिशन तात्पुरते आणि मंडळी कायमची, हे अँडरसनचे तत्त्व कोठे पूर्ण झाले असेल तर ते येथे झाले, असे म्हणायचा मोह होतो.

पण मोहात पडू नका. १९५७ मध्ये नागपुरातच रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि त्याचे पुढे काय झाले हे सांगायला नको. दीक्षेला एक दिवस पुरला. संघटना टिकवायला समित्या, हिशेब, घटना, शिस्त लागते. ख्रिस्ती चर्चने ४१ वर्षे टेबलावर बसून वाद घातला आणि एक झाले. आपण टेबलावरून पहिल्याच दिवशी उठतो, बाहेर जाऊन नवा गट काढतो. बीड जिल्ह्यातही एकाच वस्तीत दोन जयंती समित्या, दोन मिरवणुका, दोन पावतीपुस्तके दिसतात. आपल्यालाही परदेशातून मूर्ती येतात, विहारांना देणग्या येतात, भन्ते येतात. त्यांचे स्वागतच आहे. फक्त विहाराच्या जागेचा, पैशाचा आणि कामाचा निर्णय वस्तीच्या बैठकीत होतो का, हा प्रश्न तेथेही विचारलाच पाहिजे. मिशनला विचारायचा आणि स्वतःला नाही, असा दुटप्पीपणा आपल्याला शोभणार नाही.

आज काय करायचे?

हा केवळ जुना इतिहास नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना तो मिळाला. बौद्धांना केंद्रात १९९० मध्ये मिळाला, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांना तो आजही नाही. महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत टाकले आहे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा असे सांगितले. २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला.

या मागणीसाठी प्रॉटेस्टंटांचे नॅशनल कौन्सिल आणि कॅथलिक बिशपांची परिषद दरवर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. ज्या दोघांची भांडणे बाबासाहेबांनी अडथळा म्हणून नोंदवली, ते दोघे अखेर एकत्र आले ते दलित ख्रिस्ती माणसाच्या हक्कासाठी. एडिंबरोला जी एकी झाली तिच्यापेक्षा आम्हाला ही एकी मोठी वाटते, कारण ती खालून आलेल्या दबावाने झाली.

आपल्यातले काहीजण म्हणतात, त्यांना सवलत दिली तर आपला वाटा कमी होईल. १९९० पूर्वी बौद्धांविषयी नेमके हेच बोलले जात होते. गावकुसाबाहेरच्या एकाच वाड्यात एका भावाने बुद्ध स्वीकारला, दुसऱ्याच्या आजोबाने नगरच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. गावाने दोघांना वेगळे ओळखले का? विहिरीवर, स्मशानात, ऊसतोडीच्या टोळीत दोघांची जात एकच राहिली. मग कायद्याने दोघांत भिंत घालावी आणि आपण ती राखण करत बसावे, हे बाबासाहेबांच्या कोणत्या विचारात बसते? वाटा कमी पडत असेल तर वाटा वाढवून मागू. भावाला बाहेर ठेवून तो पुरवायचा नाही.

तेव्हा तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे. आपल्या तालुक्यात ख्रिस्ती महार-मांगांची घरे असतील तर त्यांच्याकडे जा. त्यांच्या आजोबांना कोणत्या मिशनचा मास्तर भेटला, शाळा किती वर्षे चालली, कोणी बंद केली, हे लिहून घ्या. बोस्टन आणि लंडनच्या दप्तरांत मिशनऱ्यांचे अहवाल जपून ठेवलेले आहेत. वस्तीची बाजू मात्र फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती दरवर्षी थोडी थोडी मातीआड जात आहे. ती लिहून काढणे हे मिशनचे काम नाही, चर्चचेही नाही. ते आपले काम आहे.

जय भीम!